सेटरभाऊंचा पिवळा ठिपका

उद्या इंग्रजी भाषेतले सगळे शब्द नाहीसे झाले आणि एकच शब्द शिल्लक राहिला, तर साहेबाच्या देशात हाहाकार उडेल. पण आमच्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांचं काही अडणार नाही. अट एवढीच, की तो उरलेला शब्द ‘सेट’ असला पाहिजे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्या भाषेतले पुष्कळ शब्द मला येतात आणि त्यातले बरेचसे मला कधीही उपयोगी पडलेले नाहीत. आमच्या शेजाऱ्यांना एकच शब्द यायचा, आणि त्या एका शब्दावर त्यांनी नोकरी केली, संसार केला, भांडणं मिटवली आणि एका मयताच्या घरी सांत्वनही केलं.

ते पिंपरीच्या एका कंपनीत सेटर होते, म्हणून सगळी चाळ त्यांना सेटरभाऊ म्हणे. त्यांचं खरं नाव कंपनीला आणि त्यांच्या बायकोला माहीत होतं. कंपनी ते इंग्रजीत लिहायची आणि बायको ते घ्यायची नाही. मूळचे चाकणकडच्या एका गावचे. कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हा नांगर भावाच्या हाती देऊन ते इकडे आले, मशीन पुसता पुसता मशीन शिकले आणि सेटर झाले. चिंचवड स्टेशनच्या मागच्या बाजूला आमची बैठी चाळ होती. वर पत्रे, आणि दोन खोल्यांमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचायच्या आत मालकाच्या विटा संपलेल्या. त्यामुळे पलीकडे लसणाची फोडणी पडली की इकडे आम्ही शिंकत असू, आणि इकडे मी बायकोला काही बोललो की पलीकडून सेटरभाऊ खाकरत असत. ते खाकरणं नेहमी माझ्या बायकोच्या बाजूनं असे.

सेटरचं काम काय असतं, हे त्यांनी मला ओळख झाल्या दिवशीच समजावलं होतं. मशीन चालवतो तो ऑपरेटर. पण मशीननं काय कापायचं, किती कापायचं, हत्यार कुठे थांबायचं, हे सगळं बसवून देतो तो सेटर. तो पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, काढतो, तपासून घेतो, मग नट आवळतो आणि त्या नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका देतो. अर्धा ठिपका नटावर, अर्धा मशीनच्या अंगावर. तो वाळला की त्या नटाला ऑपरेटरनं पाना लावायचा नाही. लावलाच, तर नट फिरताना रंगाला तडा जातो आणि चोरी उघडी पडते. “ठिपका दिला का सेट झालं. आन् सेट झालं म्हंजी झालं,” असं म्हणून त्यांनी माझ्या घरातलं स्टूल हलवून पाहिलं. ते डुगडुगत होतं. दुसऱ्या दिवशी ते डुगडुगायचं थांबलं आणि त्याच्या एका पायावर पिवळा ठिपका आला.

हा ठिपका कंपनीच्या गेटच्या आत राहिला असता, तर त्यांच्यावर लिहायची मला गरज पडली नसती. पण खोकल्याच्या औषधाच्या एका जुन्या बाटलीत पिवळा ऑइल पेंट आणि वर दोऱ्यानं बांधलेली काडेपेटीची काडी, असा सरंजाम त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे. घरातल्या खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर चार ठिपके होते आणि खुर्ची त्यांच्याबाहेर गेलेली मी कधी पाहिली नाही. सायकलच्या सीटच्या नटावर ठिपका. गजराच्या घड्याळाच्या काट्यावर ठिपका. नळ किती सोडला म्हणजे बादली भरते आणि पाणी उडत नाही, ते ठरवून चाळीच्या सार्वजनिक नळावरही ठिपका. दुसऱ्या बिऱ्हाडातल्या बाईंनी नळ ठिपक्याच्या पुढे सोडला, तर सेटरभाऊ काही बोलत नसत. नुसतं जवळ जाऊन उभे राहत. बाई आपणहून नळ मागे घेत. त्यांची एकुलती एक मुलगी शालन. तिची उंची दरवर्षी दाराच्या चौकटीवर ठिपक्यानं नोंदलेली असे. पुढे दोन वर्षं ठिपका एकाच जागी पडला, तेव्हा त्यांनी बाटलीचं बूच लावलं आणि जाहीर केलं, “पोरगी सेट झाली.”

रेडिओचीही तीच गत. त्यांच्या भाषेत तो रेडिओ नव्हताच, नुसता ‘सेट’ होता. काटा बातम्या आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाच्या स्टेशनवर आणून त्यांनी अर्धा ठिपका बटणावर आणि अर्धा लाकडी पेटीवर दिलेला. गाणी त्यांना आवडत नसत. “त्यात कळवायचं काय अस्तंय?” असं ते विचारत, आणि खरं सांगायचं तर याला मला कधी उत्तर सुचलं नाही. शेती सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी कांद्यावरची कीड आणि तिच्यावरची फवारणी ते रोज संध्याकाळी भक्तिभावानं ऐकत, आणि त्यांच्याबरोबर सगळी चाळ ऐके. आमच्या चाळीत कुणाकडे कांद्याचं एक रोप नव्हतं, पण आमच्या कांद्यावर कीड पडली असती तर आम्ही गाफील सापडलो नसतो.

शब्दाचं म्हणाल, तर तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे सेटरभाऊंनी कुणाला विचारलं नाही. दही लागलं की ‘सेट झालं’. गच्चीचा स्लॅब वाळला, सेट झाला. लहान मुलाचा ताप दोन दिवस उतरला नाही, तर “ताप सेट झालाय, आता डॉक्टरबिगर हलायचा न्हाई.” नवीन सून माहेरी जाते म्हणेनाशी झाली की सून सेट झाली. नवरा-बायकोत अबोला असला, तर सेटिंग गेलं. कंपनीच्या व्हॉलीबॉल सामन्यात सेट मोजतात, तेव्हा त्यांना तो खेळ एकदम घरचा वाटू लागला. कोपऱ्यावरच्या खोलीतले आबा फार दिवस अंथरुणाला खिळून होते. ते गेले त्या संध्याकाळी जमलेल्या बायकांचं रडणं ऐकत सेटरभाऊ बराच वेळ उभे राहिले, आणि मग आबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आबा सेट झाले.” कुणाला वावगं वाटलं नाही. मुलगा तर म्हणाला, “व्हय भाऊ. लई हलले बिचारे.”

मी शाळेत सहामाहीचे पेपर काढतो, आणि या कामालाही इंग्रजीत पेपर सेट करणं म्हणतात, हे मी एकदा बोलता बोलता सांगून बसलो. सेटरभाऊंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की तसा माझ्या पदवीच्या बातमीनं माझ्या वडिलांच्याही चेहऱ्यावर पसरला नव्हता. “म्हंजी मास्तर, तुमी बी सेटरच की!” त्या दिवसापासून ते मला आपल्या धंद्यातला माणूस समजू लागले. आमच्या शाळेत एक जाडा इंग्रजी शब्दकोश होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला असे, कारण तो वापरण्यासाठी नसून तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवण्यासाठी होता. मी मोठ्या खटपटीनं तो सुट्टीसाठी घरी आणला आणि त्यात हा शब्द काढून सेटरभाऊंना दाखवला. पानामागून पान तोच शब्द. ते बोटानं रकाने चाचपत राहिले. मग म्हणाले, “साहेब बी लई हुशार न्हाई मास्तर. येकाच शब्दावर भागवलंय त्यानं.”

मग त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी ओट्यावर बसून मी एकेक अर्थ मराठीत सांगायचा आणि त्यांनी तो पास किंवा रिजेक्ट करायचा, असा परिपाठ सुरू झाला. सूर्य मावळणं: पास. मोडलेलं हाड बसवणं: पास, आणि वर गावाकडच्या हाडवैद्याची हकिकत. अंगठीत खडा बसवणं: पास. विशिष्ट लोकांचं टोळकं: याला त्यांनी थोडा विचार केला आणि कंपनीच्या कॅन्टीनमधलं सुपरवायझरांचं टेबल आठवून पास केलं. एका गुरुवारी मात्र गाडी अडली. इथून काढून दुसरीकडे लावायचं जे रोप किंवा बेणं असतं, बारका कांदा असतो, त्यालाही हाच शब्द आहे, असं मी वाचलं. सेटरभाऊंनी मान हलवली. “रिजेक्ट.” मी म्हणालो, “अहो, छापलंय इथे.” “छापू द्या की. जे उपटून दुसरीकडं लावायचं, त्याला सेट कसं म्हनायचं? त्ये तर हलवायचंच हाय.” शब्दकोशाच्या विद्वान संपादकांपुढे ते मागे हटले नाहीत. मीही तो प्रश्न तिथेच सोडला.

एका वर्षी कंपनीनं त्यांना उत्तम कामगार म्हणून बक्षीस दिलं. समारंभाला बाहेरगावचे कुणी पाहुणे आले होते. मांडव, गालिचा, माईक, आणि माईक बिघडला तर दुसरा माईक. मला सेटरभाऊंनी आग्रहानं नेलं होतं. पाहुणे इंग्रजीत बराच वेळ बोलले: आदर्श घालून द्या, ध्येय ठरवा, घड्याळ लावा, राष्ट्र उभारणीला लागा. हे सगळं ते त्याच एका शब्दाला पुढेमागे शेपट्या लावून सांगत होते. भाषणात इतरांना पोचण्यासारखं काही नव्हतं आणि लोक पंख्याकडे बघत होते. एकटे सेटरभाऊ मान डोलावत होते. घरी येताना म्हणाले, “पावणा चांगला व्हता. सारखा आपल्याच कामाचं बोलत व्हता.”

बक्षीस म्हणजे एक टी-सेट होता. पांढऱ्या कपांवर निळी फुलं, किटली, साखरेचं भांडं. तो भिंतीतल्या काचेच्या कपाटात गेला, कपाटाच्या कडीवर ठिपका पडला आणि तिथून पुढे त्यात कुणी चहा प्याला नाही. “येक कप फुटला का सेट ऱ्हाईल का मास्तर?” यातलं तर्कशास्त्र बिनतोड होतं. शालनच्या लग्नाच्या बैठकीला तो काढायचा, असं वहिनींनी, म्हणजे सेटरभाऊंच्या बायकोनं, ठरवून ठेवलं होतं.

इथे कंपनीतली एक गोष्ट सांगायला हवी. ती सेटरभाऊंनीच मला सांगितली, आणि आपण त्यात हरलो हे न लपवता सांगितली. त्यांच्या खात्यात मराठवाड्यातून आलेला एक नवा ऑपरेटर होता. एका सकाळी सेटरभाऊ कामावर गेले, तर त्याच्या मशीनवरच्या ठिपक्याला तडा. नट हललेला. असं त्या खात्यात कधी घडलं नव्हतं. सगळं खातं हातातलं काम सोडून बघत राहिलं.

“कुणी हलवला?”

“मीच हलवलाव, सेटरभाऊ. लोखंडाचा नवा बार आलाय, लई कडक हाय. साइज पळाय लागली होती. रात्रपाळीला तुम्ही नव्हताव.”

“आधी मला इचारायचं व्हतं.”

“विचारलं असतं तर हो म्हणला असताव का?”

सेटरभाऊ खोटं बोलत नसत. “न्हाई,” ते म्हणाले.

“मंग?”

त्यांनी त्याचे जॉब तपासले. सगळे मापात होते. जुन्या ठिपक्यावर ठेवले असते, तर ते भंगारात गेले असते. सेटरभाऊंनी जुना रंग खरवडला, नवा ठिपका दिला आणि पुढच्या मशीनकडे गेले. मला सांगताना शेवटी एवढंच म्हणाले, “सेटिंग चुकलं नव्हतं मास्तर माजं. बार बदलला व्हता.” मग थोड्या वेळानं, “पर पोरानं इचारायला पायजे व्हतं.”

शालन मॅट्रिक झाली, वर्षभर घरी राहिली, आणि सेटरभाऊंनी तिचं लग्न हातात घेतलं. मुलगा त्यांच्याच कंपनीतला टर्नर, निर्व्यसनी, गाव पुनावळे, घरची थोडी शेती. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मुलाच्या बापाशी बोलणं झालं आणि संध्याकाळी सेटरभाऊंनी ओट्यावर येऊन मला सांगितलं, “पोरीचं सेट झालं. गुरवारी बगायला येत्यात. नुस्ता पैला जॉब काढायचा ऱ्हायलाय.” शालनला विचारलं का, असं मी म्हणालो. “तिला काय इचारायचं? चांगलं हाय म्हनून तर करतोय,” ते म्हणाले, आणि त्यांचा तो चांगुलपणा इतका खरा होता की मला पुढे बोलवेना.

गुरुवारी बैठक भरली. सुशिक्षित म्हणून मला चार ठिपक्यांमधल्या खुर्चीवर बसवलं होतं. टर्नर मुलगा नव्या शर्टात गप्प बसला होता. त्याचे वडील फेटा मांडीवर ठेवून मोकळेपणी गप्पा मारत होते. आत स्टोव्हला वहिनी पंप मारत होत्या आणि माझी बायको त्यांच्या मदतीला होती. कपाटाच्या कडीवरचा ठिपका त्या दिवशी पहिल्यांदा फुटला. शालन ट्रे घेऊन आली, निळ्या फुलांचे कप एकेकाच्या हातात दिले आणि पाटावर बसली.

“काय काय येतं गं पोरी तुला?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“स्वयंपाक येतो,” शालन म्हणाली. “शिवणही येतं. आणि मिरजेला नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझी निवड झालीय. पुढच्या महिन्यात जायचंय. तीन वर्षं.”

आत स्टोव्हचा पंप थांबला. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

“तीन वर्सं? आन् मग आमी आज कशापायी आलोय?”

“ते मला कुणी सांगितलं नव्हतं. काल कळलं.”

सेटरभाऊ ट्रेकडे बघत होते. मुलाच्या वडिलांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा शालनकडे, आणि मग त्या भल्या माणसानं कप पुन्हा उचलला. “च्या झकास हाय,” ते म्हणाले. “पोरगी बी झकास हाय. खोटं बोलली न्हाई. पर राव, तीन वर्सं आमचं पोरगं काय तुमच्या या कपाटात ठिवायचं का?” टर्नर मुलगा पहिल्यांदाच हसला. मला वाटतं, त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं. ते सगळा चहा पिऊन, पान खाऊन, रामराम करून गेले. शिव्याशाप नाहीत, रुसवा नाही. पण बैठक मोडली ती मोडली.

पाहुणे वळणाआड जाईपर्यंत सेटरभाऊ दारात उभे होते. मग आत आले. मी उठायला लागलो, तर म्हणाले, “बसा मास्तर.” त्यामुळे मी त्या चार ठिपक्यांत अडकल्यासारखा बसून राहिलो.

“मिरजेला कवा गेलीस?”

“गावाकडे मावशीकडे जाते म्हणाले होते, तेव्हा. मुलाखतीला.”

“येकटी?”

“नाही. काकू होत्या बरोबर.”

काकू म्हणजे माझी बायको. मी आतल्या दाराकडे पाहिलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. त्या घरात त्या वेळी तांदूळ निवडायची काहीच गरज नव्हती. मला ती मिरजेला एका लग्नाला गेली होती असं माहीत होतं. माझ्या घरात काय चाललंय, हे मला कळायला भिंतीपलीकडच्या बैठकीत बसावं लागलं.

“आधी मला इचारायचं व्हतं,” सेटरभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

“विचारलं असतं तर हो म्हणाला असता, दादा?”

सेटरभाऊंनी तोंड उघडलं. उत्तर काय येणार हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं, आणि ते उत्तर या आधी कुठे दिलं होतं तेही.

“न्हाई.”

“मग?”

कंपनीतली ती गोष्ट शालननं ऐकली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. आमची भिंत वरपर्यंत नव्हती, एवढंच सांगू शकतो. पण सेटरभाऊ पोरीकडे असे बघत राहिले, जसं काही खात्यातल्या मशीनवर तडा गेलेला ठिपका बघताहेत. मग ते उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळ झाली. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाची वेळ आली आणि गेली. रेडिओ त्यांनी लावला नाही. चाळीतली माणसं येता-जाता त्यांच्याकडे बघत आणि पाय न वाजवता पुढे जात. मी शेजारी जाऊन बसलो. तेव्हा ते म्हणाले,

“मास्तर, सेटिंग चुकलं न्हवतं माजं. पोरगा चांगला व्हता.”

“चांगलाच होता.”

“मग?”

मला उत्तर येत होतं, पण ते त्यांचंच होतं आणि ते त्यांनीच काढावं असं मला वाटलं. त्यांनी खिशातली बाटली काढली, हातात फिरवली, परत ठेवली. आणि मग विचारलं, “तिथं पोरींच्या ऱ्हायाची सोय हाय का बरी? का नुस्तं शिकिवत्यात?”

पुढच्या महिन्यात शालन गेली. तिच्यासाठी त्यांनी एक काळी पत्र्याची ट्रंक आणली, तिच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, आणि झाकणावर मधोमध पिवळा ठिपका दिला. “समद्या पोरींच्या ट्रंका काळ्याच असनार. आपली वळखाया बरी.” स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत ते तिच्या डब्याची खिडकी वरखाली करून बघत होते. खिडकी नीट बसत नव्हती. गाडी सुटली तेव्हा त्यांचा हात अजून खिडकीवरच होता आणि ते थोडं अंतर गाडीबरोबर चालत गेले.

त्यानंतर पलीकडची खोली फार शांत झाली. बातम्या आणि कांद्यावरची कीड यायची, पण त्यांच्या मधल्या वेळात काही नसायचं. एका दुपारी पहिली पाळी करून आलेले सेटरभाऊ जेवत असताना वहिनी सहज बोलून गेल्या, “घर कसं खायला उठतं. शालन होती तवा दिवसभर गाणी तरी असायची.” भिंतीच्या वरून ते वाक्य इकडे आलं आणि मी हातातल्या वह्या खाली ठेवल्या.

“कसली गानी?” सेटरभाऊंचा आवाज.

वहिनींच्या भांड्यांचा आवाज एकदम वाढला. मग खरवडल्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळानं सेटरभाऊ माझ्या दारात उभे राहिले आणि त्यांनी तळहात पुढे केला. रेडिओच्या बटणावरून काढलेला ठिपका होता. ठिपका कसला, जाडसर पिवळी टिकलीच होती. कडेनं पाहिलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकावर एक थर. ते कामावर गेले की शालन रंग फोडून काटा गाण्यांवर नेत असे, आणि ते यायच्या आत परत जागेवर आणून, बाटली भरायच्या घरातल्या डब्यातला रंग घेऊन, वर नवा ठिपका देत असे. किती वर्षं, कोण जाणे. सगळ्या चाळीनं ती गाणी ऐकली होती, आणि सगळ्या चाळीत एकानंही ते सेटरभाऊंच्या कानावर घातलं नव्हतं.

“तुमाला ठावं व्हतं मास्तर?”

“गाणी ऐकू यायची,” मी म्हणालो. “ठिपक्याचं माहीत नव्हतं.”

मला वाटलं, आता ते चिडतील. ते उजेडाकडे सरकले, टिकली डोळ्याजवळ धरली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, एखादा जॉब तपासावा तसा.

“हात चांगला हाय पोरीचा,” ते म्हणाले. “बगा की. कुटं वघळ न्हाई.”

त्या संध्याकाळी पलीकडून गाणी ऐकू आली. मध्येच खरखर व्हायची, कारण काटा कुठे थांबवायचा हे त्यांना नीट जमत नव्हतं. त्यात काय कळवायचं असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं की नाही, ते मी विचारलं नाही.

शालन तीन वर्षांनी शिकून आली, पुण्याच्या एका इस्पितळात लागली, आणि लग्नही तिनंच जुळवलं, या वेळी आधी विचारून. सेटरभाऊ हो म्हणाले. पुढे मी चाळ सोडून निगडीला दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि सेटरभाऊ निवृत्त झाल्यावर एका गुरुवारी ते बघायला आले. सुट्टीचा वार म्हणून गुरुवारच धरायची सवय त्यांची गेली नव्हती. त्यांनी भिंती हातानं ठोकून पाहिल्या, त्या पार छतापर्यंत गेल्या आहेत हे मान वर करून पाहिलं आणि थोडे हिरमुसले. माझी खुर्ची खिडकीजवळ होती. तिच्यावर बसून त्यांनी ती डुगडुगते का ते पाहिलं, फरशीवर नजर टाकली, आणि त्यांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला. बाटली निघाली. दोरा सुटला. काडी रंगात बुडाली.

“खुर्ची हितंच ठिवनार का मास्तर?”

“सध्या तरी,” मी म्हणालो.

त्यांनी काडी बाटलीच्या तोंडाला निथळवली, बूच लावलं, आणि बाटली परत खिशात ठेवली.

“मग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “बसून बगा आधी थोडे दिस.”

पुढे ते आले नाहीत. खुर्ची अजून तिथेच आहे, आणि तिच्या पायांखालची फरशी कोरी आहे.